टेकडीवरचं प्रजासत्ताक

नेपल्सला उतरल्या उतरल्या माणसं समुद्राकडे धाव घेतात, नाहीतर पिझ्झाच्या रांगेला लागतात. मला विचाराल तर आधी वर चढावं. मोंतेसांतोच्या जुन्या स्टेशनातून फ्युनिक्युलर सुटते, टेकडीच्या पोटातून तिरकी वर जाते आणि काही मिनिटांत व्होमेरोवर आणून सोडते. तिथून थोडं चाललं की सांतेल्मोचा किल्ला. सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचा, पिवळसर तुफा दगडात निम्मा बांधलेला, निम्मा डोंगरातच कोरून काढलेला. तटावर गेलं की समोर व्हेसुव्हिअस, उजवीकडे आखात आणि त्यापलीकडे धुरकट काप्री. पायाशी घरांची दाटी, आणि त्या दाटीला मधोमध चिरत गेलेला स्पाक्कानापोलीचा सरळसोट रस्ता. मी गेले तेव्हा शाळेची सहल आली होती. बाईंचं ग्रीकांपासूनचं व्याख्यान चालू होतं आणि पोरं आपापलं घर कुठे दिसतंय यावर भांडत होती.

सह्याद्रीतले किल्ले हिंडलेल्या माणसाची नजर आपसूक तोफांच्या झरोक्यांकडे जाते. बंदराच्या गावातला किल्ला म्हणजे तोफा समुद्राकडे रोखलेल्या, असा आपला हिशोब. इथून समुद्र दिसतो हे खरं, पण तोफेच्या टप्प्यात सगळ्यांत आधी येतं ते शहर. सोळाव्या शतकात स्पॅनिश राज्यकर्त्यांनी हा किल्ला आजच्या रूपात बांधून घेतला तो परक्या आरमाराइतकीच घरच्या रयतेची धास्ती बाळगून; तटावरून अर्धी फेरी मारली तरी हे समजतं. जानेवारी १७९९ मध्ये याच किल्ल्यात एक प्रजासत्ताक जाहीर झालं. आणि त्याच दिवसांत इथल्या तोफा डागल्या गेल्या त्या खालच्या प्रजेवर. मी नेपल्सला गेले ती या गोष्टीच्या मागावर.

नेपल्स तेव्हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. वस्ती चार लाखांच्या आसपास. राजा फर्डिनांड चौथा, बूर्बाँ घराण्याचा. लोक त्याला 'नाकाड्या' म्हणत, तेही प्रेमाने. शिकार आणि मासेमारी यांपलीकडे त्याला कशातच रस नव्हता. स्वतः पकडलेले मासे तो स्वतः विकायला बसे, भावावरून गिऱ्हाइकांशी हुज्जत घाले, बाजारच्या बोलीत शिव्या देई आणि खाईसुद्धा. राज्य चालवायची ती राणी मारिया कारोलिना. ऑस्ट्रियाची राजकन्या, फ्रान्सच्या मारी आंत्वानेतची सख्खी बहीण. तरुणपणी हिनेच विद्वानांना आणि सुधारकांना दरबारात जागा दिली होती. १७९३ मध्ये पॅरिसला बहिणीचं डोकं गिलोटिनखाली गेलं आणि तेव्हापासून राणीच्या लेखी पुस्तक वाचणारा प्रत्येक जण संशयित ठरला. पुढच्याच वर्षी कटाच्या आरोपावरून तीन तरुणांना फासावर चढवलं गेलं.

नोव्हेंबर १७९८ मध्ये राजाला स्फुरण चढलं. फ्रेंचांच्या ताब्यातल्या रोमवर त्याने स्वारी केली, रोममध्ये मिरवूनही घेतलं. पण जनरल शाँपिओने उलटून आला तसं नेपल्सचं सैन्य वाट फुटेल तिकडे पळालं. नाताळच्या तोंडावर राजा, राणी, मुलंबाळं आणि खजिना असं सगळं ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या 'व्हॅनगार्ड' जहाजावर चढलं आणि सिसिलीतल्या पालेर्मोकडे रवाना झालं. वाटेत मोठं वादळ झालं, त्यात त्यांचा एक लहानगा जहाजावरच दगावला. मागे राहिलेल्या राजप्रतिनिधीने फ्रेंचांशी तह केला आणि थोड्याच दिवसांत तोही पसार झाला.

असं वाऱ्यावर सोडलेलं शहर राखायला उभे राहिले ते लाझ्झारी. बंदरावरचे हमाल, कोळी, फेरीवाले, ज्यांना घर नाही की रोजचं काम नाही अशी हजारो माणसं. हाती येईल ते हत्यार घेऊन त्यांनी फ्रेंच सैन्याला तीन दिवस गल्लीगल्लीत झुंजवलं. मेले किती याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही. शाँपिओनेने त्यांच्या शौर्याची तारीफ करून ठेवली आहे. ते काही संत नव्हते. त्याच दिवसांत त्यांनी 'जॅकोबिन', म्हणजे फ्रेंच क्रांतीचे पाठीराखे, म्हणून संशय आलेल्यांना घरातून ओढून काढून मारलं, लूटही केली. पण लढले तेच.

आणि शहरातले देशभक्त? वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सुधारक विचारांचे पाद्री, सरदारांची शिकलेली मुलं. ते युक्तीने सांतेल्मोत शिरले, तिथला पहारा ताब्यात घेतला, निळा-पिवळा-तांबडा झेंडा चढवला आणि नेपल्सचं प्रजासत्ताक जाहीर केलं. फ्रेंचांना वाट मोकळी व्हावी म्हणून खाली लढणाऱ्या लाझ्झारींवर त्यांनी वरून तोफा डागल्या. इथे माझी पंचाईत होते. समता, कायद्याचं राज्य, शिक्षण, जमीनदारीचा अंत हे ज्यांचे विचार मला आपले वाटतात ते सगळे वर, तटाच्या आत. आणि स्वतःच्या गल्लीसाठी मरणारी माणसं खाली. माझी ही पंचाईत नेपल्स सोडेपर्यंत सुटली नाही. ती सुटू नये असंच मला वाटतं.

किल्ल्याखालून पेदामेंतिना नावाचा पायऱ्यांचा रस्ता जुन्या शहरात उतरतो. चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर फ्युनिक्युलरनेच परत जावं. उतरताना दोन्ही बाजूंना भिंती, मधूनच लिंबाची बाग, कुणाच्या स्वयंपाकघरातून तळणीचा वास. टेकडीवरचं नेपल्स आणि खालचं नेपल्स यांच्यातलं अंतर इथे पायांना कळतं.

खालच्या गल्ल्यांतून हिंडताना माझ्या डोक्यात होती एलेओनोरा पिमेंतेल फोन्सेका. जन्म रोममधला, १७५२ चा. आईबाप पोर्तुगीज वंशाचे, वाढली नेपल्समध्ये. लॅटिन-ग्रीक जाणणारी, गणित आणि विज्ञान वाचणारी. वयाच्या सोळाव्या वर्षी राजाराणीच्या लग्नावर तिने काव्य लिहिलं आणि दरबारात तिचं नाव झालं. पुढे राजाकडून तिला निवृत्तिवेतन मिळालं, राणीच्या ग्रंथालयाचं कामही मिळालं. लग्न मात्र सैन्यातल्या एका अधिकाऱ्याशी झालं, आणि तो तिला मारहाण करायचा. तिचा एकुलता एक मुलगा तान्हेपणीच गेला. त्याच्यावर तिने सुनीतं लिहिली. शेवटी वडिलांनी कोर्टात जाऊन तिची सुटका केली. अठराव्या शतकात एका बापाने मुलीसाठी हे करावं, ही मला त्या काळातली दुर्मीळ गोष्ट वाटते.

राणीचा सूर बदलला तशी एलेओनोराही बदलली. ऑक्टोबर १७९८ मध्ये तिला तुरुंगात टाकलं. जानेवारीच्या गोंधळात लाझ्झारींनी तुरुंग फोडले तेव्हा चोर-दरोडेखोरांबरोबर तीही बाहेर आली. म्हणजे तिला सोडवलं ते राजाच्या माणसांनी! बाहेर आली ती थेट सांतेल्मोकडे. आणि २ फेब्रुवारीला तिच्या संपादकत्वाखाली 'मोनितोरे नापोलेतानो' या पत्राचा पहिला अंक निघाला.

आठवड्यातून दोनदा निघणारं हे पत्र. चार महिन्यांत ३५ अंक. बहुतेक मजकूर ती एकटीच लिहायची: सरकारचे हुकूम, प्रांतांतल्या बातम्या, चर्चांचे वृत्तान्त आणि मधूनमधून स्वतःचं परखड मत. मी हे अंक उताऱ्यांच्या रूपात वाचले आहेत. मला थक्क करतो तो त्यांतला उत्साह नाही. उत्साह काय, क्रांतीच्या दिवसांत कुणालाही असतो. मला धरून ठेवतं ते तिचं सावधपण. लोक आपल्या बाजूला नाहीत हे या मंडळींपैकी सर्वांत आधी ओळखलं ते बहुधा तिने. लोकांचा अविश्वास हा त्यांचा दोष नाही, आपण त्यांना समजेल असं काही सांगितलेलंच नाही, असा तिच्या लिहिण्याचा रोख असे. सरकारचे जाहीरनामे शुद्ध टस्कन इटालियनमध्ये निघत. बाजारात बोलली जायची नेपल्सची बोली. तेव्हा बोलीत पत्रकं काढा, रस्त्यावरच्या कथेकऱ्यांना आणि बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांना हाताशी धरा, असं तिने सुचवलं. पेशवाईत ती असती तर तिने शाहिरांना वाड्यावर बोलावून घेतलं असतं. थोडेफार प्रयत्न झालेही. लाझ्झारींचा एक म्होरक्या, ज्याला सगळे 'वेडा मिकेले' म्हणत, तो प्रजासत्ताकाच्या बाजूला आला आणि चौकाचौकांत भाषणं देऊ लागला. मिकेले नाताले नावाच्या बिशपने तर प्रजासत्ताकाची प्रश्नोत्तरी छापली. पण घड्याळ या लोकांच्या विरुद्ध चालत होतं.

पैसा हे मोठं दुखणं. मुक्त करायला आलेल्या फ्रेंचांनी एकट्या नेपल्स शहरावर पंचवीस लाख दुकातांची खंडणी बसवली. प्रांतांवर त्याहून कितीतरी जास्त. शाँपिओने त्यातल्या त्यात भला माणूस. पॅरिसहून वसुलीला आलेल्या अधिकाऱ्याला त्याने हाकलून दिलं, तर पॅरिसने शाँपिओनेलाच परत बोलावून अटक केली. त्याच्या जागी मॅक्डोनाल्ड आला. या प्रजासत्ताकाला मान्यता द्या म्हणून पॅरिसला शिष्टमंडळ गेलं. मान्यता मिळालीच नाही. ज्यांच्या भरवशावर राज्य उभं केलं त्यांनी ते कधी राज्य म्हणून मानलंच नाही.

दुसरं दुखणं जमिनीचं. खेड्यांतला शेतकरी सरंजामदारांच्या जाचाखाली भरडत होता. सरंजामशाही रद्द करायची यावर सगळ्यांचं एकमत. पण कशी, सरदारांना भरपाई द्यायची का, मूळ हक्क कुणाचा, यावर वकीलमंडळींनी आठवडेच्या आठवडे घालवले. मारिओ पागानो हा मोठा कायदेपंडित राज्यघटनेचा मसुदा करत होता. मसुदा उत्तम होता. विधिमंडळानेही मर्यादा ओलांडू नये म्हणून पाहणारी एक वेगळी संस्था त्याने त्यात घातली होती, आजच्या घटनापीठांची पूर्वजच म्हणा. ती घटना कधीच अमलात आली नाही. सरंजामशाही रद्द करणारा कायदा झाला तो एप्रिलच्या अखेरीस. तोवर गावंच्या गावं हातातून गेली होती.

कारण राज्याच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात, राजाच्या बाजूने कार्डिनल रुफ्फो उतरला होता. फेब्रुवारीत सिसिलीहून आला तेव्हा सोबत मोजकी माणसं होती. क्रूस, राजाचा झेंडा आणि करमाफीची आश्वासनं एवढ्या भांडवलावर त्याने हजारोंची फौज उभी केली: शेतकरी, सुटलेले सैनिक, दरोडेखोर. एलेओनोरा बोलीत पत्रक काढा म्हणत राहिली. कार्डिनलला पत्रकाची गरजच नव्हती.

नेपल्सच्या मुख्य चर्चमध्ये, दुओमोत, गेले ती शहराच्या पाठीराख्या संतासाठी. सान जेन्नारोचं रक्त दोन कुप्यांत ठेवलेलं आहे. वर्षातून ठरावीक दिवशी ते घट्टाचं पातळ होतं. झालं तर शहराचं कल्याण, नाही झालं तर अरिष्ट. त्याचं प्रार्थनामंदिर म्हणजे चांदीची खाणच. चहूबाजूंनी संतांचे चांदीचे अर्धपुतळे. मी गेले तेव्हा एक आजीबाई कठड्याला टेकून संताशी बोलत होत्या. प्रार्थना वाटत नव्हती, तक्रार वाटत होती. १७९९ मध्ये फ्रेंच सेनापतींच्या समोर हे रक्त पातळ झालं. आर्चबिशपला कुणीतरी हळूच दम भरला होता, असं सांगतात. काही असो, संताने प्रजासत्ताकाला कौल दिला असा डांगोरा पिटला गेला. झालं उलटंच. लाझ्झारी प्रजासत्ताकाचे झाले नाहीत. त्यांनी संतालाच फितूर ठरवलं! राजाचं राज्य परत आल्यावर सान जेन्नारोची पाठीराखेपणाची गादी गेली आणि ती मिळाली संत अँथनीला, कारण रुफ्फोची फौज शहरात घुसली ती त्याच्या सणाच्या दिवशी, १३ जूनला. पुढे जेन्नारोला गादी परत मिळाली. देवाधर्मातलं राजकारण इतकं उघडं मी क्वचितच पाहिलं आहे.

त्या १३ जूनच्या आधीच फ्रेंच सैन्य निघून गेलं होतं. उत्तरेत लढाई बिघडली म्हणून मॅक्डोनाल्डने मे महिन्यात शहर सोडलं, सांतेल्मोत तेवढी थोडी शिबंदी ठेवली. शहराच्या पूर्व टोकाला व्हिल्येनाचा छोटा किल्ला होता. तिथल्या कालाब्रियन प्रजासत्ताकवाद्यांनी हार दिसताच दारूकोठार पेटवून स्वतःसकट शत्रूला उडवलं. नंतरचे दिवस कत्तलीचे. त्या वेळच्या रोजनिशांतली वर्णनं वाचवत नाहीत. मी ती इथे उतरवणार नाही.

उरलेले देशभक्त समुद्राकाठच्या दोन किल्ल्यांत, कास्तेल नुओव्हो आणि कास्तेल देल्लोव्होमध्ये, अडकले. इथे एक गोष्ट रुफ्फोच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. हा कार्डिनल सूडाचा भुकेला नव्हता. त्याने तह केला: किल्ले सोडा, हवं तर जहाजांतून फ्रान्समधल्या तुलाँला जा, हवं तर घरी राहा, कुणाला हात लागणार नाही. त्यावर त्याची सही, ब्रिटिश कप्तानाची सही, रशियन आणि तुर्की अधिकाऱ्यांच्या सह्या. माणसं विश्वासाने जहाजांत चढली. २४ जूनला नेल्सन आपलं आरमार घेऊन आखातात शिरला आणि बंडखोरांशी तह कसला, असं म्हणत त्याने तो मोडीत काढला. जहाजं तिथल्या तिथे अडकवली. रुफ्फोने जीव तोडून विरोध केला. शब्द मोडण्याच्या या प्रकरणावर इंग्रज इतिहासकारही दोनशे वर्षं आपसांत भांडत आहेत. माझं मत विचाराल तर नेल्सनच्या चरित्रातलं हे पान धुऊन निघण्यासारखं नाही.

सांता लुचियाच्या किनाऱ्यावर, महागड्या हॉटेलांच्या मागच्या रस्त्यावर, सांता मारिया देल्ला कातेना नावाचं लहानसं चर्च आहे. तिथे ॲडमिरल फ्रांचेस्को काराच्चोलो पुरलेला आहे. राजाच्या आरमारातला हा नावाजलेला दर्यावर्दी राजाबरोबर पालेर्मोला गेला, मग परवानगी काढून परत आला आणि प्रजासत्ताकाच्या आरमाराचा प्रमुख झाला. २९ जूनच्या सकाळी त्याला पकडून 'फूद्रोयां' या नेल्सनच्या जहाजावर आणलं. दोन-चार तासांत खटला उरकला, आणि त्याच संध्याकाळी 'मिनर्व्हा' जहाजाच्या डोलकाठीच्या आडव्या बाहूला त्याला फाशी दिलं. अधिकारी आहे, निदान गोळी तरी घाला, ही त्याची विनंती फेटाळली गेली. सूर्य मावळल्यावर प्रेत पायाला वजन बांधून समुद्रात टाकलं. काही दिवसांनी राजा पालेर्मोहून आला, जहाजावर मुक्कामाला होता. तेव्हा पाण्यावर उभं तरंगत येणारं काराच्चोलोचं प्रेत त्याला दिसलं. राजाची पाचावर धारण बसली. मग त्याला रीतसर पुरण्याची परवानगी मिळाली, आणि सांता लुचियाच्या कोळ्यांमध्येच त्याला माती मिळाली. आज नेपल्सचा समुद्राकाठचा सगळ्यांत दिमाखदार रस्ता त्याच्या नावाने आहे. संध्याकाळी तिथे अख्खं शहर फिरायला येतं.

मुंबईकर म्हणून मला त्या किनाऱ्यावर आणखी एक धागा सापडला. नेल्सन या आखातात आला होता तो नाईल नदीच्या मुखाशी झालेली ऑगस्ट १७९८ ची लढाई जिंकून. त्या लढाईने नेपोलियनची हिंदुस्थानकडे येण्याची वाट बंद झाली. जिंकल्यावर आठवड्याभरातच नेल्सनने मुंबईच्या गव्हर्नराला पत्र लिहिलं आणि एका लेफ्टनंटच्या हाती ते खुष्कीच्या मार्गाने रवाना केलं: आता फ्रेंचांची भीती नाही, खर्च आवरा. ईस्ट इंडिया कंपनीने खूष होऊन त्याला दहा हजार पौंडांचं बक्षीस दिलं. पोरसवदा खलाशी असताना हाच नेल्सन 'सीहॉर्स' जहाजावरून मुंबई बंदरात येऊन गेला होता, आणि याच समुद्रातल्या तापाने पार खंगून मायदेशी परत गेला होता. म्हणजे मुंबईला फ्रेंचांपासून वाचवल्याच्या कौतुकात न्हालेला माणूस वर्षाच्या आत नेपल्सच्या डॉक्टर-वकिलांना फासाच्या दोरीपाशी नेऊन उभा करतो. राजाने बदल्यात त्याला सिसिलीतल्या ब्रोंतेची जहागीर आणि ड्यूक ही पदवी दिली.

पिझ्झोफाल्कोने टेकडीवर सेर्रा दी कास्सानो घराण्याचा वाडा आहे. मोंते दी दिओ रस्त्यावरून आत गेलं की अष्टकोनी चौक आणि चौकातून दोन बाजूंनी वर चढत जाणारा भव्य जिना. करडा पिपेर्नो दगड, त्यावर पांढऱ्या संगमरवराची नक्षी. असा जिना घराच्या पुढच्या दाराशी हवा, असं वाटत राहतं. आणि ते खरंच आहे. वाड्याचं मुख्य दार पलीकडच्या रस्त्यावर, राजवाड्याच्या दिशेने आहे. या घराचा मुलगा जेन्नारो २० ऑगस्ट १७९९ रोजी शिरच्छेदाने गेला, तेव्हा बापाने ते दार बंद केलं. राजाचं तोंड पुन्हा बघायचं नाही म्हणून. मी वळसा घालून त्या बाजूला गेले. जुनं जाड लाकूड, खालच्या बाजूला पावसाने आणि स्कूटरच्या धुराने काळवंडलेलं, उंबऱ्यात सिगारेटची थोटकं. १९९९ मध्ये द्विशताब्दीच्या निमित्ताने ते तेवढ्यापुरतं उघडलं होतं. मग पुन्हा बंद. आतल्या भागात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची एक संस्था आहे, व्याख्यानं चालतात. मी गेले त्या दिवशीही कुणीतरी हेगेलवर बोलत होतं आणि खुर्च्या भरलेल्या होत्या.

पिआत्सा मेर्कातो, म्हणजे बाजारचौक, बंदराजवळ आहे. पर्यटक तिथे फारसे जात नाहीत. चौक मोठा, उन्हात भगभगणारा. एका बाजूला दोन ओबेलिस्कवजा कारंजी, मागे कार्मिने चर्चचा उंच घंटामनोरा. आजूबाजूला प्लास्टिकची खेळणी आणि घरगुती सामान विकणारी दुकानं. पोरं फुटबॉल खेळत होती. एका दुकानदाराने चेंडू दुकानात आला म्हणून तो दडवून ठेवला आणि मोठा कलकलाट झाला. या चौकाची कुंडली रक्ताने लिहिलेली आहे. १२६८ मध्ये कोनराडिन या पोरसवदा राजपुत्राचं डोकं इथे उडवलं. १६४७ मध्ये मासानिएल्लो या कोळ्याने फळांवरच्या कराविरुद्ध इथूनच बंड पेटवलं आणि दहा दिवसांत तो मारला गेला. आणि १७९९ च्या उन्हाळ्यात-हिवाळ्यात फासाचा खांब उभा राहिला तोही इथेच.

शंभराहून अधिक माणसं गेली. पागानो आणि चिरिल्लो एकाच दिवशी, २९ ऑक्टोबरला. दोमेनिको चिरिल्लो म्हणजे युरोपभर नाव असलेला डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. वेडा मिकेले ऑगस्टच्या अखेरीस. बिशप नाताले आणि एलेओनोरा २० ऑगस्टला. सरदार घराण्यातल्यांचा शिरच्छेद व्हायचा, बाकीच्यांना फाशी. एलेओनोराने शिरच्छेद मागितला. तिचं पोर्तुगीज कुलीनत्व इथे चालणार नाही असं उत्तर मिळालं. त्या दिवशी तिची पाळी सर्वांत शेवटी आली. आधीच्यांचे देह तिच्या डोळ्यांसमोर होते. असं सांगतात की उंचावर लटकताना बघ्यांपुढे लाज जाऊ नये म्हणून तिने घागऱ्याला बांधायला एक नाडी मागितली होती. चौक बघ्यांनी भरलेला होता, आणि बघे राजाच्या नावाने जल्लोष करत होते. ज्यांच्यासाठी पत्रकं काढा असं ती म्हणत होती, तेच हे लोक.

लुईसा सानफेलिचेची गत तर याहून क्रूर. राजनिष्ठांचा एक कट तिच्या तोंडून फुटला, एवढाच तिचा गुन्हा. गरोदर असल्याचं सांगून ती वर्षभर तगली. सप्टेंबर १८०० मध्ये तिलाही याच चौकात मारलं. आणि काही वर्षांनी राजाने या खटल्यांचे कागद जाळून टाकण्याचा हुकूम दिला.

दुकानदाराने शेवटी चेंडू परत दिला. मी कार्मिनेच्या सावलीत बसून बदाम आणि मिरी घातलेले ताराल्ली खाल्ले. चौकात १७९९ बद्दल कुणाला विचारावं असं मला वाटलं नाही. शहराच्या श्रीमंत भागात, पिआत्सा देई मार्तिरीत, हुतात्म्यांचं स्मारक आहे. चार संगमरवरी सिंह, त्यांतला मरणोन्मुख सिंह १७९९ चा. सिंह सुबक आहेत, पण ज्या चौकात माणसं मेली तिथून ते बरेच दूर आहेत. महागड्या दुकानांच्या मधोमध.

या सगळ्यातून वाचलेला एक माणूस व्हिन्चेन्झो कुओको. तुरुंगात गेला, हद्दपार झाला आणि १८०१ मध्ये मिलानमध्ये त्याने नेपल्सच्या क्रांतीवर इतिहास-निबंध छापला. हा प्रजासत्ताकाचाच माणूस, तरी त्याने शत्रूंना शिव्या देण्यात पानं दवडली नाहीत. आपल्या मित्रांच्या डोक्यातले विचार परदेशातून आलेले होते, आपल्याच लोकांना काय हवं हे त्यांनी विचारलं नाही, एका देशात दोन वेगळी राष्ट्रं नांदत होती आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, असं त्याने स्वच्छ लिहिलं. पुढे मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शीने त्याची 'निष्क्रिय क्रांती'ची, म्हणजे लोकांच्या सहभागाशिवाय वरून झालेल्या क्रांतीची, कल्पना उचलली आणि ती जगभर गेली. मेलेल्या मित्रांबद्दल इतकं प्रेम आणि इतका कठोरपणा एकाच पुस्तकात मी दुसरीकडे वाचलेला नाही. त्याचं इंग्रजी भाषांतर मिळतं. पण सुधारकांनी भरलेल्या आणि सुधारणांवर न संपणारे वाद घालणाऱ्या आपल्या भाषेत ते थेट इटालियनमधून यायला हवं. मुंबई-पुण्यात इटालियन शिकलेली मुलंमुली आता आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी हे मनावर घ्यावं.